गावचे लुतरे कुत्रे

एखाद्याचा पाणउतारा करावयाचा झाला की आमच्या सांबऱ्यात त्याला 'लुतरं कुत्रं' म्हणतात. पलीकडच्या गल्लीत हीच शिवी कानडीतून 'कज्जी नायी' अशी ऐकू येते. भाषा बदलली तरी कुत्रे तेच असते. आमच्या भागात ज्या थोड्या गोष्टींवर सीमावाद नाही, त्यांत ही एक धरावयास हरकत नाही. या अंकाचा मराठी विभाग वाचणाऱ्याने आणि कानडी विभाग वाचणाऱ्यानेही ते पाहिलेले आहे. कानांच्या कडा राखेसारख्या पांढुरक्या, कोपरांवरचे केस गेलेले, पाठीची कातडी हत्तीसारखी जाड आणि सुरकुतलेली. बसस्टॉपच्या मागे उभे राहून ते मागचा पाय सारखा झाडत असते. आपण नाकाला रुमाल लावतो, बस आली की चढतो आणि कॉलेजला येतो.

हा विषय कॉलेजच्या मासिकात कशाला, असे कुणी विचारील. मासिकात येणाऱ्या विषयांची यादी मलाही पाठ आहे: हुंडा, परीक्षापद्धती, आजचा तरुण आणि राष्ट्र. या विषयांबद्दल मला आदर आहे. परंतु त्यांत आम्ही विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने काही बिघडविले आहे असे सहसा नसते. या विषयात मी माझ्या हाताने बिघडविलेले आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. जातिवंत वगैरे काही नाही, शेतावरून आपणहून मागे आलेला. पावसाळा संपता संपता त्याच्या कानांच्या कडेचे केस गेले. मग पोटाखाली लाल पुरळ आले आणि रात्रभर खाजविण्याचा आवाज सुरू झाला. त्याने पाय झाडला की सोप्याच्या फळीवर ठकठक वाजे आणि आज्जी झोपेतून उठून त्याला शिव्या देई. शेवटी आमच्या काकांनी रस्त्याकडेच्या एका गॅरेजातून डबाभर जळकं ऑईल आणले. लुतीवर जळक्या ऑईलसारखे औषध नाही, हे गावात लहान मूलही जाणते. काकांनी मोतीला खुंट्याला आवळून धरले आणि डबा माझ्या हातात दिला. मी घुटमळलो तेव्हा म्हणाले, "बघत काय बसलास, वत की!" मी ओतले. मानेपासून शेपटीपर्यंत चोळलेही.

त्या रात्री खाजविण्याचा आवाज झाला नाही. सगळ्यांना गुण आल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मोती अंग चाटत बसला होता, तोंडाला फेस होता आणि भाकरीकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गवताच्या गंजीमागे जाऊन पडला आणि तिथेच गेला. लूत फार झाली होती म्हणून मेला, असे घरात ठरले. पुष्कळ वर्षे मीही तेच सांगत होतो.

आज मला वाटते की तो लुतीने मेला नाही. लुतीने कुत्रे तीन दिवसांत मरत नाही. ते महिनोन् महिने झिजते. इंजिनात जळून काळे झालेले तेल म्हणजे नुसते तेल नव्हे. त्यात धातूंची झीज मिसळलेली असते आणि जळण्यातून तयार झालेली विषारी द्रव्ये असतात. ओरबाडलेल्या, रक्ताळलेल्या कातडीतून ती आत जातात. जे उरते ते कुत्रे चाटून पोटात घेते. यकृत आणि मूत्रपिंड यांवर त्याचा घाला पडतो. शिवाय अंगभर चिकट तेल बसले की उन्हात अंग तापते. खाज एक रात्र थांबते हे खरे, कारण तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरतात. त्या एका रात्रीवरच या औषधाची सारी कीर्ती उभी आहे. मोतीच्या बाबतीत माझे म्हणणे शंभर टक्के खरे आहे असा माझा दावा नाही, कारण त्याला कुणी तपासले नव्हते. पण डबा माझ्या हातात होता.

गावठी औषधे सगळीच टाकाऊ असे मात्र मला म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे ही शिकलेल्यांची एक खोड आहे. आज्जी खोबरेल तेलात गंधक खलून लावायची, त्यात शहाणपण होते. गंधक हे खरजेवरचे फार जुने आणि खरोखर लागू पडणारे औषध आहे. योग्य प्रमाणातली गंधकाची द्रावणे पशुवैद्य आजही वापरतात. घोटाळा प्रमाणात होतो. तंबाखूच्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. निपाणीकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी अगदी प्रेमाने तो उपाय सांगितला होता: तंबाखूचा चुरा रात्रभर भिजत घालावा आणि त्या पाण्याने कुत्रे धुवावे. हे काही त्यांच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. गेल्याच्या मागच्या शतकात परदेशांत मेंढ्यांच्या खरजेवर तंबाखूच्या काढ्यात मेंढ्या बुडवीत असत. परंतु तंबाखूतले निकोटीन कातडीतून सरळ रक्तात जाते. ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना चक्कर येते, ओकाऱ्या होतात, हे तंबाखूच्या पट्ट्यातील माणसांना सांगावयास नको. धडधाकट माणसाची ही गत, तर दहाबारा किलोच्या, अंगभर जखमा असलेल्या आणि ते पाणी चाटणाऱ्या जनावराचे काय होईल? रॉकेल, फिनेल, शेतातल्या फवाऱ्याचे उरलेले औषध, यांनाही हाच हिशेब लागू आहे.

आता मूळ रोगाविषयी थोडे. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे, एवढ्यावरून मला पशुवैद्य समजू नये. तथापि एका सरकारी पशुवैद्य डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून मी हा किडा पाहिला आहे. त्यांनी एका कुत्रीच्या कानाच्या कडेवरील खपली ब्लेडने खरवडली, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावयास सांगितले. प्रथम नुसता कचरा दिसला. मग त्या कचऱ्यातली एक गोल वस्तू चालू लागली. कासवासारखे अंग, आखूड आठ पाय. हा कोळ्याच्या कुळातला जीव, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. डॉक्टर म्हणाले, "तुझं नशीब चांगलं. पुष्कळदा हा सापडतच नाही." मग त्यांनी दुसरी खूण दाखविली. कुत्रीच्या कानाची पाळी चिमटीत धरून चोळली, तर तिचा मागचा पाय आपोआप खाजविल्यासारखा हलू लागला. लूत असलेल्या बहुतेक कुत्र्यांत असे होते.

१६८७ साली बोनोमो आणि चेस्तोनी या दोघा इटालियनांनी माणसाच्या खरजेतील असाच किडा पाहून त्याचे वर्णन केले. रोगाचे निश्चित कारण डोळ्यांनी दिसल्याचे हे अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. तोवर खरूज म्हणजे रक्तातला बिघाड असे वैद्य समजत, आणि पुढेही बराच काळ समजत राहिले. आमच्या गावात कुत्र्याला लूत होते ती शिळे खाऊन होते, असा समज आहे. म्हणजे आम्ही १६८७ च्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे आहोत.

या किड्याची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. अंड्यांतून पिले निघून ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालावयास लागेपर्यंत दोनतीन आठवडे जातात. या लेखात मला जे काही म्हणावयाचे आहे ते सारे या दोनतीन आठवड्यांत आहे. पशुवैद्य कुत्र्याला सुई देतात तेव्हा चालतेफिरते किडे मरतात. अंडी मरत नाहीत. म्हणून साधारण चौदा दिवसांनी दुसरी सुई द्यावी लागते, कधी तिसरीही. पहिल्या सुईनंतर आठवड्याभरात खाज कमी होते, कुत्रे झोपू लागते आणि मालक दुसरी सुई विसरतो. महिन्याने लूत परत येते. मग मालक म्हणतो, डॉक्टरच्या औषधाने काही होत नाही, आपले ऑईलच बरे. जळक्या ऑईलची परंपरा टिकून आहे ती अडाण्यांमुळे नव्हे. न दिलेल्या दुसऱ्या सुईमुळे आहे.

हल्ली चघळायच्या गोळ्याही निघाल्या आहेत. एका गोळीचा अंमल महिनाभर आणि काहींचा त्याहूनही अधिक टिकतो, त्यामुळे विसरण्याचा धोका कमी. पण त्या वजनाप्रमाणे घ्याव्या लागतात आणि सुईपेक्षा महाग पडतात. घरच्या कुत्र्याला परवडतात. गल्लीतल्या सात कुत्र्यांसाठी वर्गणी काढावी लागते.

ती सुई बहुधा आयव्हरमेक्टिनची असते, आणि तिची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानात सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञाने इतो गावाजवळील गोल्फच्या मैदानालगतची चिमूटभर माती प्रयोगशाळेत आणली. त्या मातीतील एका जिवाणूपासून निघालेल्या द्रव्यावर अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी काम केले आणि त्यातून जनावरांचे औषध तयार झाले. पुढे तेच औषध आफ्रिकेतील नदीकाठच्या लोकांना आंधळे करणाऱ्या रोगावर लागू पडले, आणि १९८७ पासून ते त्यासाठी फुकट देण्यात येऊ लागले. २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा औषधाची बाटली आमच्याकडे गाईम्हशींसाठी सहज मिळते, आणि तिथेच नवा धोका आहे. म्हशीच्या मापाचे औषध अंदाजाने कुत्र्याला टोचणारे महाभाग मी पाहिले आहेत. कोली व त्याच्या जवळच्या जातींतील काही कुत्र्यांत एक जन्मजात दोष असतो. त्यांच्या मेंदूत हे औषध शिरते आणि कुत्रे लडखडून, बेशुद्ध होऊन मरू शकते. तेव्हा सुई पशुवैद्याच्याच हातची असावी.

शिवाय केस गेले म्हणजे लूतच, असेही नाही. लहान पिलांच्या डोळ्यांभोवती आणि तोंडावर टक्कल पडते ते पुष्कळदा दुसऱ्याच एका किड्यामुळे. हा चिरुटासारखा लांबट किडा केसाच्या मुळाशी राहतो, आईकडून पहिल्या दोनचार दिवसांत पिलाला येतो, आणि बहुतेक कुत्र्यांत निमूटपणे आयुष्य काढतो. पिलू अशक्त असले की तो माजतो. याची लागण माणसाला होत नाही आणि थोड्या जागी असेल तर तो आपोआप बराही होतो. गोल चकत्या पडून कडा खवल्यासारख्या झाल्या तर तो नायटा असू शकतो. तो मात्र माणसाला लागतो. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर केस गेले असतील तर आधी पिसवा शोधाव्यात. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचेच वावडे असते. म्हातारे, सुस्त, फुगलेले कुत्रे दोन्ही बाजूंनी सारखेच टकले होत असेल आणि खाजवीत नसेल, तर गळ्यातील ग्रंथीचा दोष असू शकतो. पिले झाल्यावर कुत्रीचे केस झडतात, तो तर आजारच नव्हे. औषधाच्या दुकानातून माणसाच्या खाजेचे मलम आणून या सर्वांवर सरसकट चोपडणे हा सुशिक्षितांचा जळकं ऑईल प्रकार आहे. त्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. लाली जाते, किडा मात्र माजतो.

माणसाला कुत्र्याची लूत लागते का? लागते, पण टिकत नाही. मोतीच्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीच्या हातांवर आणि पोटावर लाल फोड उठले होते, कारण ती त्याला मांडीवर घेऊन बसायची. कुत्र्याचा किडा माणसाच्या कातडीत शिरतो, चावतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. कुत्रे बरे झाले, त्याची पोती-गोधड्या उकळत्या पाण्यात धुतल्या की माणसाची खाजही काही दिवसांत जाते. गल्लीतल्या पोरांची खाज थांबवावयाची तर गल्लीतले कुत्रे बरे केले पाहिजे. याला भूतदया म्हणा किंवा स्वार्थ म्हणा.

भूतदयेवरून आठवले. नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्याने पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आमच्या देवळात दरवर्षी कीर्तनात होते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. देवळाच्या पायरीवर एखादे लुतरे कुत्रे आले तर त्याच मंडळींपैकी कुणीतरी उठून काठी घालतो. महाभारताच्या आरंभी सरमा नावाच्या कुत्रीची कथा आहे. तिच्या पिलाने यज्ञातल्या तुपाला तोंडही लावले नव्हते, तरी जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. तिने राजाला विचारले की याचा अपराध काय, आणि राजाकडे उत्तर नव्हते. एवढ्या मोठ्या ग्रंथात, युद्धबिद्ध सुरू होण्यापूर्वीच, हा प्रश्न येऊन जातो.

आम्हाला कुत्र्यांचा अभिमान नाही असेही नाही. आमच्या गावावरून जाणाऱ्या बागलकोट रस्त्याने पूर्वेकडे गेले की मुधोळ तालुका लागतो. घोरपड्यांच्या संस्थानातील ते शिकारी कुत्रे, त्यांचे उंच पाय आणि चिंचोळी कंबर, यांविषयी इकडची मराठी आणि कानडी माणसे सारख्याच अभिमानाने बोलतात. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. लष्कराने ती जात घेतली, आणि २०२१ मध्ये धावपट्टीवरील पक्षी हुसकावण्यासाठी हवाई दलानेही मुधोळची पिले नेली. सांबऱ्याला तर १९४२ पासून विमानतळ आहे, तेव्हा ही बातमी आमच्याकडे विशेष चवीने वाचली गेली. ती वाचणाऱ्यांच्या पायाशी जे कुत्रे खाजवीत बसले होते, त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. किडा मात्र असला भेदभाव करीत नाही. मुधोळच्या कुत्र्याचे केस आखूड, म्हणून त्याच्या अंगावर लूत लवकर दिसते, इतकेच.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, माणसांना औषध मिळत नाही, तिथे कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनी माणसांसाठी काय केले, असे मी विचारत नाही. ते उर्मटपणाचे होईल. एवढेच म्हणतो की, एका कुत्र्याच्या दोन सुयांचा खर्च कॉलेजच्या एका गॅदरिंगमधील फुलांच्या हारांपेक्षा कमी आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ही कुत्री चावतात, त्यांची संख्या वाढते, त्यांना बरे करून आणखी वाढवावयाची काय? संख्या आटोक्यात आली पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी २००१ साली नियम झाले, २०२३ साली ते नव्याने झाले. नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी, असे त्यांत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले. नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजांच्या आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले होते. यावर आमच्या कँटीनमध्ये दोन तट पडले आणि चहाचे पुष्कळ कप रिकामे झाले. कुत्री हलवावीत की राहू द्यावीत यावर माझे मत द्यावयाचे तूर्त टाळतो. परंतु लूत भरलेले एक कुत्रे पन्नास निरोगी कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेऊन सोडले, तर महिन्याभरात पन्नासांना लूत होईल. दोन्ही तटांना आधी सुई द्यावीच लागणार आहे.

आणि इथे मला आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडे बोट दाखवावेसे वाटते. ही योजना १९६९ पासून चालू आहे. तिचे वार्षिक शिबिर सात दिवसांचे असते. सात दिवसांत रस्ता झाडता येतो, झाड लावता येते, फोटो काढता येतो. लूत बरी करता येत नाही, कारण चौदावा दिवस शिबिरात बसतच नाही. शिबिर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः गेलो आहे आणि तेथील पिठले मला आवडले. पण एखाद्या वर्षी शिबिराऐवजी चार रविवार घ्यावेत. पशुवैद्य आणि अनुभवी पकडणारा माणूस यांना बरोबर घ्यावे. विद्यार्थ्यांनी कुत्र्यांना हात लावण्याच्या भरीस न पडता वही सांभाळावी: कुठले कुत्रे, कुठली खूण, पहिली सुई कधी, दुसरी कधी. ज्यांना जवळ जावेच लागेल त्यांनी रेबीजची लस आधी टोचून घ्यावी. कुणाला चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, हळद, मिरची असले काही भरू नये.

आम्ही चौघांनी गेल्या महिन्यात आमच्या गल्लीपुरता हा प्रयोग केला. तिघे मराठी, एक कानडी. वही दोन्ही भाषांत आहे आणि शुद्धलेखन कुठल्याच भाषेतले धड नाही. सात कुत्र्यांना पहिली सुई झाली. पलीकडच्या गल्लीतील एका कानडी आज्जींनी आधी आम्हाला हाकलले, मग स्वतःच भाकरी दाखवून बसस्टॉपमागची ती पांढुरक्या कानांची कुत्री पुढे बोलावली. चौदाव्या दिवशी सहांना दुसरी सुई झाली. त्यांच्या पाठींवर आता बारीक लव दिसू लागली आहे. सातवी तीच पांढुरक्या कानांची. त्या दिवशी ती सापडली नाही. बाळेकुंद्रीच्या बाजूला पिले घालावयास गेली असावी, असे आज्जी म्हणतात. पिले असतील तर त्यांनाही लूत लागलेली असणार. डॉक्टरांनी येत्या रविवारी सकाळी वेळ दिली आहे. भाकरी आज्जी करून देणार आहेत.